डाव्या स्पीकरच्या मागे

१

माझं काम कान तपासण्याचं. कानाच्या दवाखान्यात काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद खोली असते. तिच्यात माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "अगदी बारीक शिट्टी ऐकू आली तरी बटण दाबा." मी बाहेर मशीनजवळ बसतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय. या कामात एक गोष्ट लवकर कळते. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस वेगळा, आणि ऐकू येऊन न आल्यासारखं दाखवणारा वेगळा. खरोखर ज्याला कमी ऐकू येतं तो सारखा शोधत असतो, मान तिरकी करतो, माझ्या तोंडाकडे बघतो. सोंग घेणारा मात्र दगडासारखा बसतो. मी दोन मिनिटांत ओळखतो.

हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला पळवाट राहणार नाही.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई अठराची. तिनंच मला वाढवलं. शाळेत ती कवायतीची शिक्षिका होती आणि तिला कधी शिट्टी लागली नाही. मैदानाच्या या टोकाला उभी राहून तिनं "सावधान" म्हटलं की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. निवृत्त झाल्यावरही आवाज तसाच. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. "धाकट्या!" अशी हाक मारली की खालच्या मजल्यावरचा माणूससुद्धा जिन्यात येऊन बघायचा.

आणि माझा एकच नाद. शेवटची खोली मी गाणं ऐकण्यासाठी करून घेतली होती. जाड गालिचा, दुहेरी पडदे, भिंतींवर आवाज शोषून घेणारे फळे, दाराला खालून रबराची पट्टी. खोलीत एकच खुर्ची. समोर स्पीकरच्या दोन जोड्या, एक लहान पेट्यांची, एक माझ्या छातीएवढ्या उंच उभ्या पेट्यांची. ॲम्प्लिफायर दोन. एक दुकानातून आणलेला ट्रान्झिस्टरचा आणि एक माझ्या मित्रानं हातानं बांधलेला, जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्हचा. मित्राला सगळे मिस्त्री म्हणतात. रेडिओ दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं.

माझी तुलना करायची पद्धत ठरलेली होती. एकच रेकॉर्ड, एकच चार मिनिटांचा तुकडा. एका बाईचा आवाज आणि साथीला एकच तंतुवाद्य. दोन्ही ॲम्पचा आवाज मीटरनं मोजून तंतोतंत सारखा करायचा, कारण जरा मोठा असला की तो कानाला उगाच चांगला वाटतो. मग ऐकायचं, वायरी बदलायच्या, परत ऐकायचं, वहीत लिहायचं. ताई म्हणायची, "अरे, तेच तेच गाणं चाळीसदा ऐकतोस, बाईलासुद्धा कंटाळा आला असेल."

त्या रविवारी मी सकाळी दहापासून आत होतो. दुपारी पावणेतीनला बाहेर आलो तेव्हा ताई न्हाणीघराच्या फरशीवर पडलेली होती. डोळे उघडे, उजवी बाजू लुळी, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"दार बंद होतं. मला ऐकू आलं नाही," असं मी सगळ्यांना सांगितलं. शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, तिच्या शाळेतल्या बायकांना. कोणी शंका घेतली नाही. उलट एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

२

ताई तीन आठवड्यांनी घरी आली. जीव वाचला, पण उजवा हात, उजवा पाय आणि आवाज गेला. तिला सगळं कळत होतं, फक्त तोंडातून शब्द फुटत नव्हता. सकाळी सांभाळायला एक बाई यायच्या. मी दवाखान्यातून दीडला परत आलो की त्या जायच्या. संध्याकाळी पाचला फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. मधली दुपार माझी आणि ताईची.

दोन महिने मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. मग मिस्त्रीचा फोन आला. "माझा ॲम्प घेऊन बसलायस, एक शब्द तरी बोल. आवडला का नाही ते सांग, मला पुढचा बांधायचाय."

ताई जेवून झोपली होती. तिच्या उशाशी मी बिनतारी घंटी ठेवली होती, डाव्या हातानं दाबता येईल अशी. माझ्या खिशात तिचा आवाज यायचा. दार मी यावेळी उघडं ठेवलं.

आधी ट्रान्झिस्टरचा ॲम्प, लहान पेट्या. नेहमीसारखंच. स्वच्छ, जरा कोरडं. मग मिस्त्रीचा ॲम्प, उंच पेट्या. व्हॉल्व्ह तापायला दहा मिनिटं लागतात, तेवढी दिली. गाणं सुरू झालं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन स्पीकर नीट जागेवर बसवले की आवाज पेट्यांमधून येतोय असं वाटत नाही. मधल्या रिकाम्या जागेत ती बाई उभी राहते. तिच्या उजवीकडे वादक बसतो. डोळे मिटले की बोट दाखवून सांगता येतं, तोंड इथं, वाद्य तिथं. चांगल्या सामानाची खूण तीच. भिंत नाहीशी होते.

पहिलं कडवं संपलं की बाई थांबते. सहा-सात सेकंद शांतता असते, फक्त सुईची खरखर. त्या शांततेत काहीतरी होतं. डाव्या स्पीकरच्या मागे, खूप लांब. कोणीतरी ओरडावं आणि वाऱ्यानं अर्धं खाऊन टाकावं तसं.

मी सुई उचलून मागे ठेवली. परत तेच, त्याच ठिकाणी.

मला हसू आलं. रेकॉर्डमध्ये असं होतं, शेजारच्या खाचेतला आवाज झिरपतो. म्हणून मी दुसरी रेकॉर्ड लावली, नुसत्या वाद्याची. तिच्यातल्या शांत जागी तेच. तिसरी लावली. तेच.

मग वाटलं, बाहेरून येत असेल. डाव्या स्पीकरच्या मागची भिंत घराची बाहेरची. पलीकडे काही नाही, तीन मजले खोल हवा आणि खाली सायकली लावायची जागा. गाणं बंद करून मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. काही नाही.

शेवटी मी डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. हा उपाय सगळ्यात पक्का. रेकॉर्डमधला, ॲम्पमधला, कुठलाही आवाज असो, वायरी बदलल्या की त्यानं बाजू बदललीच पाहिजे. वादक उजवीकडून डावीकडे गेला.

तो आवाज हलला नाही. तिथंच राहिला, डावीकडे, भिंतीच्या पलीकडे.

३

शहाण्या माणसानं तिथंच सगळं बंद केलं असतं. मी वही काढली.

हे सांगताना मला जी लाज वाटते ती भुताखेताला भ्यायल्याची नाही. पुढचे पंधरा दिवस मी रोज दुपारी तो आवाज ऐकला आणि प्रत्येक जोडणीवर तो कसा येतो ते वहीत मांडलं. लहान पेट्यांवर, 'अस्पष्ट, जवळजवळ नाही.' उंच पेट्यांवर ट्रान्झिस्टरनं, 'आहे, पण सपाट.' उंच पेट्या आणि व्हॉल्व्ह, 'खोली उत्तम. दोन अक्षरं कळतात.' स्पीकर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढले तर आवाज आणखी उकलतो हे माझ्या लक्षात आलं. मग मी जाड वायर आणली. मग सुई बदलली.

सोळाव्या दिवशी तो पुरता उकलला.

"धाकट्या!"

मैदानावरचा आवाज नव्हता तो. मोठ्यानं ओरडायला गेलेल्या माणसाची जीभ मध्येच जड व्हावी तसा. शेवटचं अक्षर घसरत गेलेलं.

मी उठून ताईच्या खोलीत गेलो. ती जागी होती आणि दाराकडेच बघत होती. घंटी तिच्या हाताशी तशीच पडलेली.

"काही हवंय का ताई?"

तिनं मान हलवली नाही, काही केलं नाही. नुसती बघत राहिली. मी चादर नीट केली, जी आधीच नीट होती, आणि परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रोगी नसताना मी आमच्या डॉक्टरमॅडमना म्हटलं, "माझेच कान तपासा जरा." त्या हसल्या, पण बसल्या मशीनवर. मी काचेच्या खोलीत, हातात बटण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला. बाहेर आलो तर त्यांनी कागद पुढे केला.

"कान पोरासारखे आहेत तुमचे. पण दोनदा उगाच दाबलंत बटण. मी काहीच वाजवलं नव्हतं."

"सवय नाही ना," मी म्हणालो.

४

मिस्त्री एका शनिवारी दुपारी नवा ॲम्प बगलेत मारून आला. आधी ताईजवळ बसला, तिला दुकानातल्या चार गमती सांगितल्या, तिचा डावा हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही बऱ्या झालात की या धाकट्याला शाळेच्या मैदानाला दहा चकरा मारायला लावा. पोट बघा त्याचं." ताईच्या डोळ्यांत हसू आल्यासारखं वाटलं. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो.

मला वाटत होतं, त्याला ऐकू येणार नाही. खरं सांगायचं तर येऊ नये असंच वाटत होतं. म्हणजे ते माझ्या डोक्यात आहे हे ठरलं असतं आणि डोक्यावर औषध असतं.

त्याला खुर्ची दिली, मी मागे उभा राहिलो. बाईनं पहिलं कडवं संपवलं. शांतता. "धाकट्या!"

मिस्त्रीनं मान वळवली. "ताईंनी हाक मारली का?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "छे, त्या कशा मारतील!" आणि परत समोर बघायला लागला. मग त्यानं हात वर केला, मला गप्प करायला करतात तसा. 

"अरे, हा तर तूच."

"काय?"

"तुझा आवाज आहे. 'आलो, आलो' म्हणतोयस. तिच्या हाकेनंतर लगेच. ऐक ना!" त्यानं स्वतःच सुई मागे ठेवली. इतके दिवस मी नुसत्या हाकेवर कान लावून बसलो होतो. तिच्यामागे, बाईनं दुसरं कडवं उचलायच्या जेमतेम आधी, माझा स्वतःचा आवाज होता. जरा वैतागलेला, हातात काम असलेल्या माणसाचा. आलो, आलो.

"कुठं रेकॉर्ड केलंस हे?" मिस्त्री म्हणाला. "आणि का?"

"जुन्या टेपवरचं मिसळलंय काहीतरी," मी म्हणालो.

रेकॉर्ड फिरत होती, घरात टेप नव्हती, आणि समोर बसलेल्या माणसानं चाळीस वर्षं अशाच मशीनची पोटं उघडली होती. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग काहीच न विचारता उठला. नवा ॲम्प बगलेत मारला, दारात वळला. "जुना ठेव तुझ्याकडंच. मला नको तो परत." जाताना ताईच्या खोलीत डोकावला नाही.

त्यानं विचारलं नाही, म्हणून इथं सांगतो.

त्या रविवारी दीड वाजता ताईनं दार उघडून "जेवायला चल" म्हटलं होतं. मी हातानंच पाच मिनिटं अशी खूण केली. जाताना तिनं दार उघडंच ठेवलं. दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं हाक मारली. वेळ मला माहीत आहे, कारण मी नुकतीच वहीत लिहिली होती. हाक विचित्र होती हेही मला कळलं. जीभ जड झाल्यावर शब्द कसे पडतात हे माझ्याइतकं कोणाला कळणार! पण दोन्ही ॲम्पचा आवाज नुकताच सारखा केला होता, व्हॉल्व्ह तापलेले होते, उठलो असतो तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी "आलो, आलो" म्हणालो आणि सुई ठेवली. त्यानंतर आणखी एकदा ठेवली. मग आणखी एकदा. पस्तीस मिनिटं.

आणि हे अजून सगळं नाही. सव्वातीनला आम्ही इस्पितळात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न तीनदा विचारला. "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत यांना? नीट आठवून सांगा."

दीड म्हटलं असतं तर पुढे काय झालं ते विचारलं असतं. दोन-दहा म्हटलं असतं तर सगळंच आलं असतं.

"सकाळी," मी म्हणालो. "नऊला, चहा घेताना."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. "साडेचार तासांच्या आत असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. आता धोका आहे. नाही देता येणार."

तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. दगडासारखा उभा राहिलो.

५

मिस्त्री गेल्यावर मी ठरवलं, ताईला सांगायचं. सगळं, घड्याळासकट. सोमवारी दुपारी तिला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि शब्द जुळवत उभा राहिलो. तिनं डावा हात उचलून आतल्या खोलीकडे बोट केलं.

"तिकडे? कशाला ताई?"

बोट तसंच.

मी तिला आत नेलं. माझी खुर्ची बाजूला सारून तिथं तिची खुर्ची लावली, दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध. ती डाव्या स्पीकरच्या मागे बघत होती. आता सांग, असं मी स्वतःला म्हणत होतो आणि हात मात्र व्हॉल्व्ह तापताहेत का बघत होते. मी सुई ठेवली. गाणं सुरू असताना बोलणं सोपं जाईल असं वाटलं. खरं म्हणजे चार मिनिटं पुढे ढकलली.

पहिलं कडवं संपलं. मी ताईच्या तोंडाकडे बघत होतो म्हणून दिसलं. तिचे ओठ हलले. वाकडे, जड, पण नीट ठरवून हलले. आणि ते हलल्यावर, मग, भिंतीपलीकडून हाक आली.

"धाकट्या!"

इतके दिवस मी समजत होतो की ती त्या रविवारची हाक आहे, कशात तरी अडकून राहिलेली. तशी नव्हती. ती आत्ताची होती. गेले सगळे दिवस, मी वहीत खोली आणि स्पष्टता मांडत असताना, ती पलीकडे पलंगावरून मला हाक मारत होती.

माझं तोंड बंद होतं. मी दात आवळून धरले होते, ते मला चांगलं आठवतं. आणि स्पीकरच्या मागून माझ्या आवाजात उत्तर आलं, "आलो, आलो."

ताईचा चेहरा उजळला. दुसरा शब्द मला सापडत नाही. लहानपणी मी शाळेतून वेळेवर परत आलो की उजळायचा तसा.

गाणारी बाई दुसरं कडवं म्हणत होती. तिच्या मागे खुर्ची करकरली. चपला सापडत नाहीत म्हणून पाय गालिच्यावर चाचपडले. मग पावलं, घाईची, दूर आणि मग जवळ, भिंतीच्या अलीकडे. ताईची नजर त्यांच्याबरोबर सरकत होती. आधी लांब, मग स्पीकरच्या मधोमध, मग वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी.

मी सुई ओढली. रेकॉर्डवर मोठा ओरखडा उमटला.

खोलीत आम्ही दोघंच होतो. ताईनं डाव्या मुठीनं खुर्चीच्या हातावर तीन-चारदा मारलं. मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो. "ताई, त्या दिवशी मला..."

तिनं डोळे मिटून घेतले. त्यात राग नव्हता. माहीत असलेली गोष्ट कोणी परत सांगायला लागलं की आपण मिटतो तसे. आणि मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कळलं की मी "आलो" म्हणालो हे जसं मी ऐकलं होतं, तसं तिनंही ऐकलंच होतं. ओल्या फरशीवर पडून पस्तीस मिनिटं ती त्या शब्दावर विसंबून वाट बघत होती.

६

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की ताई आतल्या खोलीकडे बोट करायची. मी तिला नेऊन बसवायचो, ओरखडा नसलेली दुसरी रेकॉर्ड लावायचो. ती हातानं मला बाहेर जायला सांगायची. दार लावून घे, हेही.

मी स्वयंपाकघरात बसायचो. दार इतकं चांगलं होतं की नुसती गुणगुण यायची. रेकॉर्डची एक बाजू वीस मिनिटांची. ती संपली की मी आत जाऊन बदलायची, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला डुलकी लागली. जागा झालो तेव्हा तास उलटून गेला होता आणि आत दुसरी बाजू वाजत होती.

ताईला खुर्चीतून उठता येत नव्हतं. टर्नटेबल तिच्यापासून पाच हातांवर होतं.

मी दाराशी गेलो. लाकडाला कान लावला. गाण्याच्या खाली कोणीतरी बोलत होतं. हळू, मध्ये मध्ये थांबत, जेवताना बोलतात तसं. शब्द कळले नाहीत. मग हसल्याचा आवाज आला. एक पुरुषाचं हसणं होतं. दुसरं घोगरं, अडखळणारं, न वापरलेल्या घशातून आलेलं.

माझी बहीण हसत होती.

मी दारावर टकटक केली. का केली माहीत नाही, स्वतःच्या घरातल्या दारावर.

आतलं बोलणं थांबलं. मग माझा आवाज अगदी स्पष्ट म्हणाला, "कोण आलंय बघतो हं ताई. तू बस."

पावलं दाराकडे आली. दाराची मूठ फिरली. दार चार बोटं उघडलं आणि त्या फटीत, दाराच्या कडेवर, एक हात आला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. नखं नीट कापलेली. हात ओला होता, काहीतरी धुताना मधूनच उठून आल्यासारखा.

मी पळालो. अनवाणी, तीन मजले खाली, सायकलींच्या जागेपर्यंत. पण भीतीनं नाही पळालो. भीती असती तर बहिणीला आत सोडून गेलो नसतो, एवढं तरी मला स्वतःबद्दल म्हणू द्या. दार आणखी चार बोटं उघडलं असतं तर मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. त्या रविवारी हाकेसरशी जो उठला होता त्याच्या. ते मला जमलं नसतं.

सहाला परत आलो. फिजिओथेरपीच्या मॅडम येऊन गेल्या होत्या. ताई पलंगावर होती, पाठीशी दोन उशा, केस विंचरून वेणी घातलेली. ॲम्पवर हात ठेवून बघितला. गरम होता.

७

आता मी दुपारी घरी नसतो. दवाखान्यातून येतो, ताईला जेवायला घालतो, आतल्या खोलीत नेतो, रेकॉर्ड लावतो आणि चपला घालून निघतो. बागेतल्या बाकावर बसतो. सहाला परतायचं.

ताई सुधारते आहे. बोटं हलायला लागली, तोंड सरळ होत आलं. परवा मी जरा लवकर परतलो तर जिन्यात मॅडम भेटल्या. पुढे निघालेल्या, पण मला बघून थांबल्या.

"अहो दादा, आत्ता तर तुम्ही घरात होतात! केव्हा बाहेर पडलात?"

"मागच्या जिन्यानं," मी म्हणालो. आमच्या इमारतीला मागचा जिना नाही.

"असो. मला आज बोलायचंच होतं. मी वीस वर्षं हे काम करते, पण पेशंटला असं उचलणारा घरचा माणूस मी पाहिला नाही. किती हळुवार! मला तर शिकण्यासारखं आहे. त्या तुमच्यावर निर्धास्त टेकतात. निम्मं यश तुमचंच आहे, माझं नाही." त्या माझा दंड धरून परत दोन पायऱ्या चढल्या. "चला, त्यांच्यासमोरच सांगते."

मी नाही म्हणू शकलो असतो. एवढं एक तरी खरं बोलू शकलो असतो. मी मान खाली घालून म्हणालो, "जमतं आपलं हळूहळू."

घरात कोणी नव्हतं. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून, कोणाच्याही आधाराशिवाय.

"पुढच्या आठवड्यात आपण यांना उभं करणार," मॅडम म्हणाल्या. "पहिली दोन पावलं. भाऊ समोर हवेत तेव्हा, हात पुढे करून. त्यांच्याकडे बघून त्या चालतील. थांबाल ना दादा?"

"थांबेन," मी म्हणालो.

ताईनं वर पाहिलं. कित्येक दिवसांनी तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, तोंडाकडे, मग हातांकडे. मॅडमना दिसणार नाही इतका थोडासा तिनं डावा हात मांडीवरून उचलला, आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाला सांगावं तसं मला सांगितलं. नको.